पिएरोगी : स्वस्त साहित्य, महाग वेळ

पोलंडच्या घरगुती स्वयंपाकात ज्या पदार्थाला सर्वांत जिव्हाळ्याचे स्थान आहे, त्या पिएरोगीच्या साहित्यात किमती असे काहीही नाही. गव्हाचे पीठ, गरम पाणी, मीठ, बटाटे, आंबलेल्या दुधापासून काढलेले ताजे चीज, कांदा, कोबी आणि रानातून वेचून आणलेली अळिंबी एवढ्यावर हा पदार्थ उभा आहे, आणि यांतील बहुतेक वस्तू पोलिश शेतकऱ्याला बाजाराचे तोंड न पाहता मिळवता येत असत. पिठाची पातळ पारी लाटायची, तिच्या गोल चकतीवर सारण ठेवायचे, चकती दुमडून कडा दाबून बंद करायच्या आणि तो अर्धचंद्र मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवायचा, अशी तिची कृती एका वाक्यात सांगता येते. करंजीला मुरड घालण्याची सवय असलेल्या मराठी हातांना तिच्या आकाराची ओळख करून द्यावी लागणार नाही. या पदार्थात जे खरोखर महाग आहे तो माणसाच्या हातांचा वेळ होय. म्हणूनच पिएरोगीचा इतिहास हा केवळ चवीचा इतिहास म्हणून वाचणे अपुरे ठरते. हा वेळ कोणी दिला, कोणाकडून तो गृहीत धरला गेला आणि तो देणारी माणसे उठून दूर गेली तेव्हा काय घडले, हे विचारल्याशिवाय तो पुरता उमगत नाही.

पारीच्या पिठाविषयी पोलिश घरांत जुने मतभेद आहेत आणि ते ठामपणे मांडले जातात. काही घरांत पिठात अंडे घालतात, तर काही घरांत ते वर्ज्य मानतात. अंड्याने पारी मजबूत होते, पण शिजल्यावर ती चिवटपणाकडे झुकते. उलट केवळ गरम पाणी, मीठ आणि चमचाभर तेल किंवा वितळलेले लोणी घालून मळलेली पारी मऊ राहते, आणि बटाट्यासारख्या सौम्य सारणाला हीच पारी शोभते, असे येथे निःसंकोचपणे म्हणावेसे वाटते. पाणी गरम का हवे, याला नेमके कारण आहे. गव्हाच्या पिठातील ग्लुटेनिन आणि ग्लियाडिन ही दोन प्रथिने पाणी मिळून मळली गेली की त्यांचे ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते, आणि थंड पाण्यात मळलेल्या पिठात हे जाळे इतके ताणदार बनते की लाटलेली पारी पुन्हा आकसून जाड होते. उकळीच्या जवळ आलेले पाणी घातले असता प्रथिनांच्या काही भागाची घडण उष्णतेने बदलते व जाळे तितके घट्ट विणले जात नाही. त्याच वेळी पिठातील स्टार्च, जो साधारण ६० अंश सेल्सिअसपासून पाणी शोषून फुगू लागतो, जास्तीचे पाणी स्वतःत धरून ठेवतो. पीठ त्यामुळे ओलसर असूनही हाताला चिकटत नाही, लाटताना मागे ओढत नाही आणि कडा मिटवताना बोटांचे ऐकते. मळून झाल्यावर ते पालथ्या घातलेल्या कोमट वाडग्याखाली अर्धा तास मुरू द्यायचे असते, आणि घाईच्या स्वयंपाकात सर्वांत आधी गाळली जाणारी हीच पायरी गाळता येण्यासारखी नाही, कारण मळताना ताणले गेलेले जाळे या अर्ध्या तासात सैल पडते. पोलंडमध्ये पिठाच्या पुडीवर ४५०, ५०० असे आकडे छापलेले असतात. पीठ जाळल्यावर मागे उरणाऱ्या खनिज राखेच्या प्रमाणावरून ते ठरतात, आकडा जितका लहान तितका कोंडा कमी आणि पीठ पांढरे, आणि पिएरोगीसाठी याच टोकाचे पीठ घेतात. मुरलेले पीठ दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे लाटून पाण्याच्या पेल्याच्या काठाने त्याच्या चकत्या पाडतात, उरलेल्या कातरणांचा गोळा करून पुन्हा लाटतात, आणि दुसऱ्यांदा लाटलेली पारी पहिलीइतकी नाजूक होत नाही हे ठाऊक असल्याने अनुभवी हात चकत्या एकमेकींना जितक्या खेटून पाडता येतील तितक्या पाडतात.

सारणांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय आहे ते बटाटा, त्वारूग आणि लोण्यात परतलेला कांदा यांचे, ज्याने भरलेल्या पिएरोगीला पोलंडमध्ये ‘रुस्किए’ म्हणतात. त्वारूग हे पोलिश स्वयंपाकाचे पायाभूत चीज असून ते समजून घेतल्याशिवाय या पदार्थाची चव समजत नाही. पनीर करताना उकळत्या दुधात आंबट पदार्थ घालून ते तत्काळ फाडतात. त्वारूगमध्ये अशी घाई नसते. दूध खोलीच्या उष्णतेत एक-दोन दिवस ठेवून त्यातील जिवाणूंना साखरेचे लॅक्टिक आम्ल करू देतात, त्याचे दही जमले की ते अतिशय मंद आचेवर कोमटापेक्षा थोडे अधिक तापवतात, निवळी सुटू लागली की कापडात बांधून टांगतात आणि अखेरीस वजनाखाली दाबतात. यातून निघते ते कोरडे, भुसभुशीत, हलक्या आंबट चवीचे चीज, जे शिजवले तरी वितळून वाहत नाही आणि पारीच्या आत आपला कण टिकवून धरते. बटाटा या सारणाला देह देतो आणि त्वारूग त्याला स्वभाव देते. बटाटे पिठूळ जातीचे असावेत, ते उकडून, वाफ जाऊन पूर्ण निवल्यावर दाबून बारीक करावेत आणि यंत्रात कधीही घुसळू नयेत, कारण पात्याने पेशी फुटून मोकळा झालेला स्टार्च सारणाची खळ करून टाकतो. प्रमाण घरागणिक बदलते. पुष्कळ ठिकाणी बटाटा त्वारूगच्या दुप्पट असतो, पण मिरपूड मात्र सर्वत्र सढळ हाताने घालतात, आणि लुब्लिनच्या बाजूला काही घरांत त्यात पुदिनाही पडतो.

हे सारण पारंपरिक म्हणून मिरवते, पण त्याचे वय फार नाही. बटाटा पोलंडच्या शेतांत पसरू लागला तो अठराव्या शतकात. त्याआधीच्या पिएरोगीत बकव्हीटचा भरडा, कोबी, मसूर, चीज किंवा मांस भरले जात असे. मुळात पोलिश भाषेत लिहिलेले पहिले छापील पाकपुस्तक ‘कोंपेंदिउम फेर्कुलोरुम’ हे १६८२ साली क्राकूव येथे प्रसिद्ध झाले, आणि त्याचा कर्ता स्तानिस्वाफ चेर्निएत्स्की हा लुबोमिर्स्की या सरदार घराण्याचा मुख्य आचारी होता. साहजिकच त्या पुस्तकातील स्वयंपाक हा मोठ्या वाड्याचा, नोकरचाकरांचा आणि मेजवान्यांचा स्वयंपाक आहे. खेड्यातल्या घरात दर शुक्रवारी, उपवासाच्या दिवशी, मांसाशिवाय पोट भरणारी पिएरोगी जिने केली, तिच्या कृतीला छापखाना मिळाला नाही. ती कृती आईच्या हाताकडे पाहून मुलीच्या हातात उतरली, आणि पिठाला ‘घेईल तेवढे’ पाणी हेच तिचे माप राहिले.

रुस्किएचे मूळ ज्या प्रदेशात आहे तो लाल रुथेनिया म्हणून ओळखला जाणारा, ल्वूफ शहराच्या भोवतालचा मुलूख आज बहुतांशी युक्रेनच्या पश्चिम भागात येतो. तेथे पोलिश, युक्रेनियन आणि ज्यू घरे शेजारी शेजारी होती. युक्रेनियन घरात जवळजवळ हाच पदार्थ वारेनिकी या नावाने होत असे आणि आजही होतो; ज्यू घरात सणाच्या दिवशी मांसाचे सारण भरलेले क्रेप्लाख सूपमध्ये सोडत. कोणाचे कोणी घेतले या वादातून हाती काही लागत नाही, कारण एकाच बाजारात पीठ घेणाऱ्या आणि एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांनी एकमेकींच्या चुलीकडे पाहिले नसेल असे मानणेच अशक्य आहे. या शेजाराचा शेवट मात्र विसाव्या शतकाने केला. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील सुमारे ३० लाख ज्यूंची हत्या झाली, आणि त्यांच्याबरोबर कित्येक गावांतून एक संपूर्ण स्वयंपाक नाहीसा झाला. १९४५ नंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या, ल्वूफ सोव्हिएत युक्रेनमध्ये गेले, आणि तेथील पोलिश लोकांना आगगाड्यांतून नव्याने पोलंडला मिळालेल्या, जर्मन रहिवाशांनी रिकाम्या केलेल्या व्रोत्सवाफसारख्या शहरांत आणून सोडण्यात आले. ल्वूफचे १८१७ साली स्थापन झालेले ओसोलिनेउम हे ग्रंथालय व्रोत्सवाफला आणण्यासाठी सरकारी पातळीवर वाटाघाटी कराव्या लागल्या आणि तरीही त्याचा एक भागच १९४६-४७ मध्ये हाती आला. पिएरोगीसाठी कोणाचीही परवानगी लागली नाही, ती बायकांच्या हातांतून आली आणि अनोळखी शहरातल्या दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या भांड्यांत पुन्हा शिजू लागली. आज ही पिएरोगी पोलंडभर सर्वत्र खाल्ली जाते, याचे एक मोठे कारण हे विस्थापन आहे.

याच पूर्वेकडच्या मुलखातल्या लोकांची दुसरी एक वाट महाराष्ट्रापर्यंत पोहोचली होती, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली, ते इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. पुढे त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित स्थायिक झाले आणि ती वस्ती गांधीनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश वास्तव्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. रुस्किएच्या मायभूमीतून उखडलेल्या माणसांचा एक प्रवाह व्रोत्सवाफला आणि दुसरा पंचगंगेच्या खोऱ्यात गेला, ही गोष्ट पदार्थांच्या इतिहासात सहसा लिहिली जात नाही, पण पदार्थ माणसांबरोबरच प्रवास करतात आणि माणसांवर आलेला प्रसंग वगळून पदार्थाचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरते.

कृतीकडे परत वळायचे तर तिचा सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर भाग म्हणजे कड बंद करणे. चकतीच्या मध्यावर सारणाचा लहान गोळा ठेवून ती दुमडतात, आतली हवा बोटांनी बाहेर काढतात आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कड दाबत जातात. ज्यांना सवय आहे ते त्या दाबलेल्या कडेला पुन्हा बारीक चुण्या घालतात, ज्यांना पोलिश स्त्रिया झालरीचे नाव देतात. ही मुरड शोभेपुरती नसते. कडेवर सारणाचा कण किंवा लोण्याचा थेंब राहिला तर पारी पारीला चिकटत नाही आणि उकळत्या पाण्यात ती उघडून सारण सांडते, म्हणून दुहेरी दाब हा सुरक्षेचा उपाय आहे. मोठ्या पातेल्यातील खळखळत्या पाण्यात थोड्या थोड्या पिएरोग्या सोडून त्या तळाला चिकटू नयेत म्हणून लाकडी चमच्याने एकदा हलक्या हाताने फिरवतात. त्या वर तरंगल्या की आणखी दोन-तीन मिनिटे ठेवून झाऱ्याने काढतात. वरून लोण्यात खरपूस केलेला कांदा, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे अर्थात स्क्वार्की, किंवा श्मिएताना म्हणजे आंबवलेली साय घालतात, आणि उरलेल्या पिएरोग्या दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून खातात, ज्या अनेकांच्या मते पहिल्या दिवशीपेक्षा चविष्ट लागतात. उन्हाळ्यात याच पारीत जंगलातील निळी-काळी यागोदी बेरी भरून वर गोड श्मिएताना घालतात. जीभ आणि दात जांभळे करणारा तो पदार्थ त्या ऋतूपुरताच असावा.

पिएरोगीचे खरे दर्शन होते ते मात्र २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, विगिलियाला, म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येच्या भोजनाला. आकाशात पहिला तारा दिसल्यावर हे भोजन सुरू होते, त्यात परंपरेने मांस नसते, पदार्थ बारा असावेत असा संकेत आहे, टेबलावरच्या चादरीखाली थोडे गवत पसरतात आणि अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडतात. या दिवशीच्या पिएरोगीत मिठात आंबवलेला कोबी आणि सुकवलेली अळिंबी भरतात. शिवाय ‘उश्का’ म्हणजे छोटे कान या नावाचा तिचा चिमुकला अवतार केला जातो, ज्यात चकती दुमडून तिची दोन टोके बोटाभोवती जोडतात आणि तो बार्श्च या बिटाच्या आंबट, निवळ लाल सूपमध्ये सोडतात. त्यासाठीची बोरोविक जातीची अळिंबी शरद ऋतूत जंगलात जाऊन वेचलेली, कापून दोऱ्यात ओवून सुकवलेली असते. ती रात्रभर भिजवतात आणि भिजवलेले पाणीही सूपमध्ये वापरतात, कारण अर्धा सुगंध त्या पाण्यात उतरलेला असतो. एका कुटुंबाला पुरतील एवढी उश्का करायला एकट्या माणसाची दुपार आणि संध्याकाळ दोन्ही जातात; चौघेजण बसले तर तेच काम गप्पांच्या ओघात उरकते. मुले सारण ठेवतात, आजी कडा मिटवते, कोणाची मुरड जाड आणि कोणाची नेटकी हे ताटात पडल्यावरही ओळखता येते.

या टेबलाचे वर्णन सहसा इथेच थांबते, आणि तेथेच ते अपुरे राहते. पोलंडमध्ये दुकानावरच्या पाटीपासून गोठवलेल्या पाकिटापर्यंत सर्वत्र ‘आजीच्या हातची’ हा शब्दप्रयोग विक्रीला लावलेला दिसतो. त्या आजीने ती पिएरोगी शेतातले किंवा गिरणीतले काम संपवून, रांगेत उभे राहून आणलेल्या पिठाची, बहुधा एकटीने केली होती, हे तो शब्दप्रयोग सांगत नाही. समाजवादी राजवटीत, विशेषतः १९८१ मध्ये मांसावर शिधापत्रिका लागू झाल्यानंतर, टंचाईचा भार स्वयंपाकघरावर पडला, आणि स्वयंपाकघर म्हणजे व्यवहारात घरातील स्त्री होती. वस्तू कमी पडल्या तेथे तिचे श्रम वाढले. क्राकूवच्या संत यात्सेक यांच्याविषयी, जे तेराव्या शतकातील डोमिनिकन साधू होते, दुष्काळात त्यांनी लोकांना पिएरोगी खाऊ घातली अशी दंतकथा आहे, आणि त्यांचे नाव पिएरोगीसह घेऊन आश्चर्य व्यक्त करण्याची पोलिश लोकांची जुनी रीत आहे. दंतकथेने संताला लक्षात ठेवले. पण भुकेल्या जमावाला पुरेल एवढी पारी कोणी लाटली असती, हा प्रश्न तिच्यात कोणी घातला नाही.

हे श्रम घराबाहेर आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत ‘बार म्लेच्नी’ म्हणजे दूध-भोजनालये विशेष उल्लेखनीय आहेत. १८९६ साली वॉर्सातील नोवी श्व्यात रस्त्यावर स्तानिस्वाफ द्वुझेव्स्की यांनी दूध, अंडी, पीठ यांच्या स्वस्त पदार्थांचे असे पहिले भोजनालय उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी आधाराने ती देशभर पसरली, आणि उरलेल्यांना आजही काही अनुदान मिळते. तेथे विद्यार्थी, कामगार आणि निवृत्त माणसे एकाच टेबलाशी बसून रुस्किएची थाळी खातात. अटलांटिकपलीकडे, अमेरिका आणि कॅनडातील पोलिश व युक्रेनियन वस्त्यांत, चर्चच्या तळघरात जमून वृद्ध स्त्रिया शेकडो पिएरोग्या करतात आणि त्या विकून चर्चच्या डागडुजीचा खर्च काढतात. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट होते, की हे काम सामूहिक केले, त्याला जागा दिली आणि त्याचा मोबदला किंवा निदान त्याचे श्रेय उघडपणे मान्य केले, तर ते ओझे राहत नाही. यंत्राने केलेल्या गोठवलेल्या पिएरोगीला तुच्छ लेखण्याचे म्हणूनच कारण नाही. कारखान्याची पारी जाड असते आणि सारण कंजूष असते हे खरे, पण कामावरून थकून आलेल्या बाईला तिने अर्धा तास मोकळा करून दिला असेल तर तिचे ते ऋण मानले पाहिजे.

मराठी घरात हा पदार्थ करून पाहायचा असेल तर साहित्याची अडचण नाही. मैदा चालतो, पाणी उकळीच्या जवळ आलेले घ्यावे, त्वारूगच्या जागी पनीर वापरल्यास आंबटपणा हरवतो आणि चक्का वापरल्यास त्यातील पाण्याने कड सुटते, म्हणून सायीच्या दुधाचे आंबट दही गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून निवळी सुटेपर्यंत हळूहळू तापवावे आणि रात्रभर कापडात टांगून, दाबून कोरडे करावे. सारण आदल्या दिवशी करून थंड ठेवावे, कारण कोमट सारणाने पारी ओली होते. मात्र पीठ मळण्यापूर्वी घरातील किमान चार माणसे टेबलाभोवती बसतील याची खात्री करून घ्यावी, लाटणे, चकत्या पाडणे, भरणे आणि मिटवणे ही कामे वाटून घ्यावीत, शेवटी ओटा पुसणे आणि पातेली घासणे हेही त्याच वाटणीत धरावे. घरातील एकटीवरच हे सारे येऊन पडणार असेल, तर त्या दिवशी पिएरोगी न केलेलीच बरी.